फुकेतजवळ अख्खी बोट घेऊन चुनखडीची बेटं आणि गुहा: आधी भरतीची वेळ विचारा

आयर्विनकर (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही घरचे अकरा जण थायलंडला जाऊन आलो. आई (वय ७४), थोरले भाऊ-वहिनी, आम्ही दोघं, धाकटी बहीण आणि मेहुणे, आणि चार पोरं. आल्यापासून भेटेल त्याला एकच गोष्ट सांगतोय, म्हटलं एकदा इथं सविस्तर लिहून ठेवावं. पुढं कुणाचा तरी एक दिवस वाचेल.

फुकेत बेट आणि पलीकडचा क्राबीचा किनारा यांच्या मधल्या पाण्याला फांग न्गा खाडी म्हणतात. पाणी उथळ आणि हिरवट, आणि त्यातून चुनखडीचे सुळके सरळ वर आलेले. काहींना पायथा म्हणून नाहीच, भिंत थेट पाण्यात उतरते. १९८१ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा. यातल्या काही बेटांच्या पोटात पाण्यानं बोगदे झालेत. बोगद्यातून छोट्या होडीनं आत गेलं की बेटाच्या मधोमध उघडं आकाश दिसतं. तिथली माणसं त्याला ‘हाँग’ म्हणतात. थाई भाषेत हाँग म्हणजे खोली. मूळची गुहाच, छत कोसळलं आणि चारी बाजूंच्या भिंती तेवढ्या राहिल्या.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीची सहल घेतली. एका मोठ्या बोटीत चाळीसेक माणसं. सकाळी हॉटेलवरून गाडीनं उचललं, चार ठिकाणं फिरून बोट गुहेपाशी गेली तेव्हा साडेअकरा वाजले होते. वाटाड्या म्हणाला, पाणी वर आहे, आज आत जाता येणार नाही. बोगद्याचं तोंडच दिसत नव्हतं. जिथून आत जायचं तिथं नुसती पाण्यावर टेकलेली भिंत. पाच मिनिटं फोटो काढून बोट वळवली. पैसे भरताना हे कुणी बोललं नव्हतं. आई काहीच बोलली नाही, पण परतताना सगळा वेळ त्या भिंतीकडंच बघत होती. मला फार लागलं ते. तिला दाखवायला म्हणूनच तर आलो होतो.

संध्याकाळी धक्क्यावर एका वयस्क बोटवाल्याशी बोललो. मोडकं इंग्रजी त्याचं आणि मोडकं माझं. त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, भरती-ओहोटीचं कोष्टक. आजच्या तारखेवर बोट ठेवलं, मग वर चंद्राकडं दाखवलं. त्या दिवशी शाकंभरी पौर्णिमा होती. सकाळी आईनंच सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. पौर्णिमेचं उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढणार. म्हणाला, पाच दिवस थांबा, सकाळी लवकर निघा. त्याच्याच ओळखीनं आम्ही अख्खी बोट ठरवली. आदल्या दिवशी आईची संकष्टी झाली आणि वद्य पंचमीला पहाटे आम्ही निघालो.

फुकेतच्या ईशान्येला आओ पो म्हणून धक्का आहे, तिथून. दोन मजली लाकडी बोट, वर चार रबरी होड्या बांधलेल्या, एक कप्तान, दोन मदतनीस आणि होड्या वल्हवणारे चौघं. ओहोटी नऊच्या सुमारास संपणार होती. कप्तानानं मुद्दाम आधी दुसरी बेटं दाखवली आणि पाणी जरा चढायला लागल्यावर, साडेदहाला, पनाक बेटाशी नांगर टाकला. मी विचारलं, पूर्ण ओहोटीलाच का नाही? तर म्हणे पाणी अगदी उतरलं की आत चिखल राहतो, होडी टेकते. भरतीला तोंड बंद, ओहोटीला आत पाणी नाही. मधला जो वेळ आहे तेवढाच आपला.

होडीत दोघं-तिघं असे बसलो, मागं वल्हवणारा. बोगद्यात शिरताना त्यानं आडवं व्हायला सांगितलं. पाठीवर झोपलो तर नाकासमोर वीतभर अंतरावर छत. छताला शिंपल्यांचा थर, कडा ब्लेडसारख्या. वल्हं आत ओढून घेऊन तो दोन्ही हातांनी छताला रेटत होडी पुढं सरकवत होता, आणि हात ठेवण्याआधी प्रत्येक वेळी शिंपल्यांमधली गुळगुळीत जागा चाचपत होता. वटवाघळांचा उग्र वास आणि डोक्याला बांधलेल्या बॅटरीचा तेवढा उजेड. आईच्या कपाळावर वरून एक थेंब पडला. ती म्हणाली, “दंडोबाच्या गाभाऱ्यात जाताना असाच गारवा लागतो बघ.” मग एकदम उजेड आला. चारी बाजूंना उंच भिंती, वर झाडं लोंबलेली, खाली हिरवं पाणी आणि मधे खारफुटीचं एक एकटं झाड. कुणी आवाज केला नाही. पोरांनीसुद्धा नाही.

पाऊण तास आत होतो. निघायची वेळ वल्हवणाऱ्यानं ठरवली. तोंडापाशी शिंपल्यांची एक रेघ आहे, पाणी तिला टेकलं की निघायचं.

सांगायचं एवढंच की अख्खी बोट घेण्याचे पैसे जेवणासाठी आणि आरामासाठी देऊ नका, वेळ आपल्या हातात राहावी म्हणून द्या. गटाच्या सहलीत वेळ हॉटेलवरून उचलणाऱ्या गाडीची असते. आपण सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट हे बघून दिवस ठरवणारी माणसं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. तिथं जाताना तोच सवयीचा प्रश्न मी विचारला नाही, याचं वाईट वाटतं.

प्रश्न असतील तर विचारा. माहिती आहे तेवढं सांगतो.

कासचा_वारा (सातारा)

फार छान लिहिलंय दादा. वाचताना मीच आडवी झाल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे बामणोलीला वासोट्याला जायला आपण अख्खी बोट ठरवतो, माणसं कितीही असोत, भाडं बोटीचं. तसंच असतं का हे? आम्ही फक्त दोघंच आहोत, मे महिन्यात सुट्टी मिळते. परवडेल का, आणि मे चालेल का?

आयर्विनकर

ताई, हिशेब अगदी बामणोलीसारखाच. भाडं बोटीचं. आमचे जेवण, होड्या, वाटाड्या धरून माणशी साधारण साडेआठ हजार रुपये पडले, पण ते अकरात भागले म्हणून. दोघांना ती बोट परवडायची नाही. मे महिन्याबद्दल कुणी जाणकार सांगेल, आम्ही जानेवारीत गेलो होतो.

लाँगटेल_प्रेमी (इस्लामपूर)

कासचा_वारा ताई, दोघंच असाल तर फुकेतहून मोठी बोट घेऊच नका. गाडीनं फांग न्गा प्रांतात जा. तिथं सुराकुल नावाचा धक्का आहे, खारफुटीतून वाट काढणाऱ्या लांब शेपटीच्या होड्या मिळतात, लाँगटेल म्हणतात त्या. अख्खी होडी दोघांना परवडते. आम्ही नवरा-बायको तसंच गेलो होतो.

ती होडी बघण्यासारखी असते. मागं गाडीचं इंजिन उघडंच बसवलेलं, त्याला लांब दांडा आणि टोकाला पंखा. चालवणारा अख्खं इंजिनच हातानं फिरवून दिशा देतो. उथळ पाण्यात दांडा वर उचलला की झालं. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा, कापूस जवळ ठेवा. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. त्या होडीच्या देवीच्या, माए या नांग म्हणतात तिला. नाळेवर पाय ठेवायचा नाही. माझ्या बायकोनं चढताना नकळत ठेवला, होडीवाल्यानं काही न बोलता हात जोडले आणि तिला बाजूनं यायची खूण केली. तिनंही लगेच वाकून नमस्कार केला. आपल्याकडं नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करतात, त्यामुळं समजायला वेळ लागला नाही.

त्या वाटेवर थाम लोत नावाचा बोगदा लागतो. होडी थेट खालून आरपार जाते, आडवं व्हावं लागत नाही, आणि छताला लोंबणारे दगडाचे झुंबर डोक्यावरून जातात. वाटेत खाओ खियन नावाचा कडा आहे, त्यावर जुन्या काळच्या माणसांनी काढलेली चित्रं होडीतूनच दिसतात. हाँग मात्र या होडीनं बाहेरूनच.

मे नको. त्या किनाऱ्याला पाऊस आपल्यासारखाच नैऋत्येचा, मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते एप्रिल जावं.

माहेर_देवगड (सध्या कराड)

आयर्विनकर दादा, तुमचा धागा वाचून माहेरची आठवण झाली. आमच्याकडे कॅलेंडर न बघता भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रोज पाऊण ते एक तास उशीर होत जातो, तो याच हिशेबात येतो.

तुम्ही पौर्णिमेला साडेअकराला गेलात, तर आमच्या आजोबांनी घरात बसूनच नको म्हटलं असतं! आणि पंचमीला या हिशेबानं पावणेचारला भरती, म्हणजे पावणेदहाला ओहोटी. तुम्ही नऊ म्हणताय. जवळ आलं खरं. पण कुणी यावर बोट ठरवू नका हं. हा हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, किनारा बदलला की वेळ बदलते. तिथलं कोष्टकच बघायचं. थाई नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग दर वर्षी ती काढतो, आणि बोटवाल्यांकडे असतातच.

जगात बहुतेक ठिकाणी तेच राहणार ते उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढ-उतार कमी. त्यामुळं तिथी बघून निदान कुठला आठवडा धरायचा ते इथंच बसून ठरवता येतं.

आणि त्या खारफुटीत चिखलावर उड्या मारणारे मासे दिसले का? आमच्याकडचे निवटे. तेच असणार.

आयर्विनकर

ताई, निवटेच! पोरं म्हणत होती मासा चालतोय, मासा चालतोय. नाव तुमच्यामुळं कळलं. पाऊणपटीचा हिशेब आईला वाचून दाखवला, तिनं वहीत लिहून घेतला.

आगाशिवचा_मास्तर (कराड)

भूगोल शिकवत आयुष्य गेलं, त्यामुळं जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आपल्या भागात गुहा म्हटलं की माणसानं कोरलेली. आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, छिन्नीचे घाव अजून मोजता येतात. आपला दगड बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून सह्याद्रीत इतका पाऊस पडूनही अशा गुहा होत नाहीत. कुंडलला झरी पार्श्वनाथाच्या गुहेत पाणी झिरपताना आपण बघतो, पण त्या पाण्यानं दगडाचे खांब तयार झालेले दिसत नाहीत.

चुनखडीचं वेगळं आहे. ती मुळात समुद्रातली. कोट्यवधी वर्षं समुद्री जीवांचे शिंपले-सांगाडे तळाशी साठून दाबले गेले, त्याचा हा दगड. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. हे सौम्य कार्बोनिक आम्ल चुनखडी विरघळवतं. फटीतून शिरतं, फट रुंदावतं, रुंदावलेल्या फटीत आणखी पाणी येतं. अशा हजारो वर्षांनी डोंगर आतून पोखरतो. तेच पाणी गुहेच्या छतातून थेंबाथेंबानं गळताना त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना मागं राहतो. वरून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, खाली थेंब पडून वाढतो तो ऊर्ध्वमुखी. नववीच्या मुलांना मी घरातली किटली आणायला सांगायचो. बोअरचं पाणी रोज उकळून आत जो पांढरा खरबरीत थर बसतो, तो त्याच जातीचा. त्या थरावर लिंबू पिळलं की फसफसतो. फळ्यावरची आकृती मुलं विसरतील, ती फसफस विसरत नाहीत.

आता बेटांचं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होती. ही बेटं तेव्हा जमिनीवरचे डोंगर होते आणि या गुहा डोंगरातल्या गुहा. बर्फ वितळला, समुद्र चढला, मधल्या दऱ्या बुडाल्या. आपण होडीतून जातो ती बुडालेली दरी. आयर्विनकर, तुम्ही बेटांच्या पायथ्याशी आडवी खाच पाहिली असेल, बेट जणू पाण्यावर झुकल्यासारखं दिसतं. ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लाटांनी, विरघळण्यानं आणि दगड पोखरणाऱ्या जीवांनी मिळून कातलेली.

तुमच्या आईंच्या कपाळावर पडलेला तो थेंब, अशाच थेंबांनी ती सगळी गुहा झाली आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आयर्विनकर

सर, नमस्कार पोचवला. खाच पाहिली होती, अर्थ आज कळला. आई म्हणाली, मास्तरांना घरी बोलव.

कृष्णाकाठ_पलूस

धागा सुंदर आहे, पण माझा प्रश्न वेगळा. लाइफ जॅकेट सगळ्यांना होती का? मुलांच्या मापाची होती का? २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हापासून आमच्या घरात बोट हा शब्द निघाला की आई उठून आत जाते. आमच्या ओळखीतली माणसं गेली त्यात. मुलगा फार मागं लागलाय म्हणून विचारते.

आयर्विनकर

ताई, तुमचा प्रश्न पहिला यायला हवा होता, मी मूळ लेखात लिहिलं नाही ही माझी चूक. होती, सगळ्यांना. पण पोरांच्या मापाची दोनच होती. मी आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन बघितली म्हणून कळलं. कप्तानाला सांगून आणखी दोन मागवली, घालून बघितली, पट्टा दोन्ही पायांमधून जातो का तेही बघितलं. तो जराही वैतागला नाही. वैतागला असता तर मी बोट बदलली असती.

होडीत बसताना आणि उतरताना जास्त जपायला लागतं. मोठ्या बोटीच्या मागं पाण्याला टेकलेली फळी असते, तिथून होडीत उतरायचं. आईला दोघांनी धरून बसवलं. गुडघे दुखणाऱ्यांना एवढीच जागा अवघड आहे, पुढं सगळा वेळ बसूनच.

लाँगटेल_प्रेमी

पलूसच्या ताई, माझीही भर घालतो. फांग न्गा खाडी तीन बाजूंनी जमिनीनं वेढलेली आहे, त्यामुळं लाटा कमी. फुकेतहून फी फी बेटांकडं जाताना उघडा समुद्र लागतो, तो प्रवास पावसाळ्यात मुळीच करू नये. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ वादळी हवेत पर्यटकांची बोट बुडून ४७ माणसं गेली. त्या दिवशी समुद्रात जाऊ नका असा इशारा होता. म्हणून महिना आणि हवामान आधी, बाकी मग. कप्तान “आज नको” म्हणाला तर पैसे गेले तरी चालतील, ऐकायचं.

कृष्णाकाठ_पलूस

दोघांचेही मनापासून आभार. फी फी नको, खाडीच बघू. आईला वाचून दाखवते.

हळदपेठ (सांगली)

आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. उपाशी राहायची वेळ येते का? आणि ते जेम्स बाँडचं बेट खरंच बघण्यासारखं आहे का?

आयर्विनकर

‘जे’ हा एक शब्द पाठ करा. थाईत त्याचा अर्थ कडक शाकाहार, त्यात लसूण-कांदाही नसतो, त्यामुळं तुम्हाला अगदी जुळतं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो. फुकेतला दर वर्षी ऑक्टोबरच्या आसपास नऊ दिवसांचा शाकाहाराचा मोठा उत्सवच असतो. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर भाजीत माशाचा सॉस पडतो, नाम प्ला म्हणतात, तो त्यांच्या स्वयंपाकात मिठासारखा. अख्ख्या बोटीचा इथंही उपयोग झाला. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना वहिनीनं आधीच सांगितलं, त्यांनी वेगळी कढई घेतली. टोफू, भाज्या, भात, अननस, कलिंगड. सोबत आमचं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. बाईंनी भडंग चाखलं आणि मुठीनं घेतलं, वहिनीनं उरलेला पुडा त्यांनाच दिला.

डबे स्टीलचे न्या. थाई राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायचं प्लास्टिक आणि थर्माकोल चालत नाही. माकडांना काही देऊ नका, बेटावरची माकडं हातातली पिशवी ओढतात.

बाँडच्या बेटाचं खरं नाव को तापू, तापू म्हणजे खिळा. वीसेक मीटर उंचीचा सुळका, खाली बारीक आणि वर जाड. १९७४ च्या चित्रपटामुळं प्रसिद्ध झाला. पाण्याच्या रेषेत झिजतोय म्हणून १९९८ पासून होड्यांना जवळ जाऊ देत नाहीत, समोरच्या बेटावरून बघायचा. त्या बेटाचं नाव खाओ फिंग कान, म्हणजे एकमेकांना टेकलेले डोंगर, आणि खरंच एक कडा दुसऱ्यावर रेललेला आहे. पण गर्दी फार. अर्ध्या तासापेक्षा जास्त देऊ नका. परदेशी माणसाला उद्यानाचं तिकीट ३०० बाट होतं. ते भाड्यात धरलंय का हे आधी लिहून घ्या, आम्हाला धक्क्यावर वेगळं भरावं लागलं.

त्यापेक्षा को पान्यीला थांबा. एका सुळक्याच्या आडोशाला अख्खं गाव पाण्यात खांबांवर उभं आहे. दोनशे वर्षांपूर्वी जावा बेटाकडून आलेल्या मुस्लिम मच्छीमारांचं. मशीद, शाळा, दुकानं सगळं फळ्यांवर. १९८६ च्या विश्वचषकाच्या वेळी तिथल्या पोरांनी जुन्या फळ्या आणि तराफे जोडून फुटबॉलचं तरंगतं मैदान बनवलं होतं. माझ्या पुतण्याला फुटबॉलचं वेड, तो तिथून हलेना. खांद्याला ओढणी घ्या आणि घरांच्या दारांतून डोकावू नका, माणसं तिथं राहतात.

पुस्तकवेडी_वाई

आम्ही मागच्या मार्चला व्हिएतनामला हा लाँगच्या उपसागरात गेलो होतो, हनोईहून अडीच-तीन तास गाडीनं. तुलना करायची तर, तिथं बेटं सुमारे १६०० हून जास्त, आणि नजर जाईल तिथवर तीच. १९९४ पासून जागतिक वारसा. नावाचा अर्थ उतरणारा ड्रॅगन. त्यांच्या दोन लाख डोंगच्या नोटेवर त्यातलंच एक बेट छापलंय, उदबत्तीच्या पात्रासारखं दिसणारं. बोटीवर सासऱ्यांनी नोट हातात धरून समोरच्या बेटाशी ताडून बघितली, आणि मग ती नोट खर्च करू दिली नाही.

मोठा फरक गुहांचा. तिथल्या मोठ्या गुहा कोरड्या, पायऱ्या चढून चालत बघायच्या. सुंग सोत गुहेत तर मोठाले दिवाणखाने आहेत एकामागून एक. तिप तॉप बेटाच्या माथ्यावर जायला चारशेवर पायऱ्या. अंतराळवीर गेर्मान तितोव १९६२ मध्ये हो ची मिन्ह यांच्याबरोबर तिथं आले होते, त्यांचं नाव त्या बेटाला. सासरे खालीच बसले, गुडघ्यांमुळं. लुऑन नावाची एक पाण्यातली कमान मात्र बांबूच्या होडीतून बघितली, ती त्यांना सगळ्यात आवडली. आता वाटतं, ज्येष्ठांना घेऊन जायचं तर आयर्विनकरांची फांग न्गा बरी. तरुण मंडळींनी हा लाँग बघावं. डिसेंबर-जानेवारीत तिथं धुकं आणि गारठा असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल धरा. जुलै २०२५ मध्ये तिथंही अचानक आलेल्या वादळात बोट उलटून तीसहून जास्त माणसं गेली, त्यामुळं वर लाइफ जॅकेटबद्दल लिहिलंय ते तिथंही तितकंच खरं.

आगाशिवचे सर, एक विचारते. वाईला आणि मेणवलीला घाटांचं बांधकाम चुन्याचं आहे. तो चुना म्हणजे हाच दगड का?

आगाशिवचा_मास्तर

जात तीच, रूप वेगळं. आपल्याकडे चुनखडीचे डोंगर नाहीत, पण ओढ्याकाठी, काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजायचे, पाण्यात विझवायचे, मग बैलांनी ओढायच्या घाण्यात वाळूबरोबर मळायचे. बांधकामात गेल्यावर तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून हळूहळू दगड होतो. भट्टीत जो वायू निघून गेला तोच परत घेतो. मेणवलीच्या घाटावर पुढच्या वेळी बसाल तेव्हा सांध्यावर हात फिरवून बघा.

कासचा_वारा

सगळ्यांचे आभार. मे रद्द. ह्यांच्या ऑफिसात बोलून फेब्रुवारीत आठ दिवस मिळवलेत. दोघंच आहोत म्हणून सुराकुलहून लाँगटेल एक दिवस, आणि हाँगसाठी दुसऱ्या दिवशी एखादी बोट. पौर्णिमा-अमावस्या टाळलीय. पण हाँगसाठी दोघांनी काय करावं? अख्खी मोठी बोट जमणार नाही.

आयर्विनकर

हाच प्रश्न मी परतताना आमच्या कप्तानाला विचारला होता. तो म्हणाला, कमी माणसांच्या, होड्या घेऊन जाणाऱ्या बोटी असतात. काही दुपारी निघून अंधार पडल्यावर परततात. त्यांना फक्त दोन गोष्टी विचारायच्या. त्या तारखेला तुम्ही हाँगमध्ये किती वाजता शिरणार, आणि त्या वेळी पाणी किती मीटर असेल. जो आकडा सांगेल त्याच्याकडं पैसे भरायचे. “काळजी करू नका, होईल” म्हणेल त्याच्याकडं नाही. आम्हाला तेच म्हणाले होते.

माहेर_देवगड

ताई, तारीख ठरली की तिथी इथं टाका, मी उधाण-भांग सांगते.

कासचा_वारा

वद्य सप्तमी, अष्टमी आणि नवमी, तिन्ही दिवस मोकळे ठेवलेत.

माहेर_देवगड

मग भांग आहे. पाण्याचा चढ-उतार कमी, प्रवाहही कमी, वल्हवणाऱ्याला सोपं. पण भांगाला पाणी फार खालीही जात नाही, त्यामुळं ज्या बोगद्याचं छत खूप ठेंगणं आहे तो कदाचित उघडणारच नाही. म्हणून सप्तमीची बोट सांगा, तेव्हा उतार थोडा जास्त मिळेल, आणि कुठल्या हाँगमध्ये नेणार ते नावासकट विचारा. आकडा मिळाला की इथं लिहा.

कासचा_वारा

आज तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी “होईल” म्हटलं. तिसऱ्यानं दहा मिनिटांनी कोष्टकाचा फोटो पाठवला, सप्तमीच्या रकान्यावर पेनानं गोल केलेला, आणि खाली शिरण्याची वेळ लिहिलेली. त्यालाच पैसे भरले.

आयर्विनकर

छान झालं. डोक्याला बांधायची बॅटरी घरूनच न्या, तिथं मिळालेल्या एकीचा सेल आत गेल्यावर बसला होता. आणि बोगद्यातून बाहेर आल्यावर लगेच फोटो काढू नका, आधी दोन मिनिटं वर बघा.